तेरड्याचे बांध

साळूबाई धिंदळे यांच्या हातात फुलांचं काम पहिल्यांदा आलं ते दुसऱ्याच्या रानात. तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं. भात झोडून कणगीत गेलं, की अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या वाड्यांमधली माणसं मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला उतरायची. साळूबाई आणि त्यांचे यजमान पुंजाराम हेही त्यांतलेच. जीपच्या टपावर हंडा, तवा, गोधड्या बांधायच्या आणि उन्हाळा संपेपर्यंत कुणाच्या तरी मळ्याच्या कडेला पाल टाकून राहायचं. इतर बायांना द्राक्षाची, टोमॅटोची कामं मिळाली. साळूबाईंच्या वाट्याला शेवंती आली.

दिवसभर वाकून फुलं खुडायचं काम बाकीच्यांना नकोसं व्हायचं. साळूबाईंना ते आवडलं. दव सुकल्यावर तोडलेलं फूल टिकतं आणि ओलं तोडलेलं पाटीत काळं पडतं, हे त्यांनी पाहून ठेवलं. रोप वीतभर वाढलं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. पाणी मुळाशी द्यायचं, फुलावर उडू द्यायचं नाही. मळ्याच्या मालकीणबाई बोलक्या होत्या, विचारलं की सगळं सांगायच्या, आणि साळूबाई विचारत राहायच्या. सोबतच्या बाया हसायच्या, हिला फुलांचं दुकान टाकायचंय वाटतं. साळूबाईंच्या डोक्यात दुकान नव्हतं. डोक्यात वाडीची जमीन होती.

ती जमीन उंबरदऱ्याच्या वाडीत, भंडारदऱ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला. धिंदळे मंडळी महादेव कोळी समाजाची, या डोंगरात कधीपासून आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही. पुंजारामांच्या वाट्याला पायरीपायरीनं ओढ्याकडे उतरत जाणारी भाताची खाचरं आली होती, त्यांच्या वर नाचणी-वरईचा उतार, आणि मधे एका मोठ्या उंबराखाली बारमाही झरा. त्याच्याही वर होता तो वाडीचा सामाईक माळ. भाद्रपदात तो तेरड्यानं गुलाबी व्हायचा आणि पुढं सोनकीनं पिवळा.

मुलगी झाली, संस्कृती, आणि ती रांगायला लागली तेव्हा एक दिवस पालात भाकरी थापता थापता साळूबाई नवऱ्याला म्हणाल्या, "फुलं दुसऱ्याची, रान दुसऱ्याचं, हात तेवढं आपलं. आपल्याकडं जमीन न्हाई का?"

पुंजाराम शांत स्वभावाचे. त्यांनी विचारलं, आपल्या पावसात फुलं टिकतील का. साळूबाईंनी लावून बघायचं ठरवलं.

पहिल्या वर्षी त्यांनी नारायणगावला पाहिलं होतं तस्सं केलं. पावसाळ्यात वरच्या उतारावर झेंडू लावला, दसऱ्याला फुलं येतील या हिशेबानं. आमच्या अकोले तालुक्यात, मैदानातल्या गावांत पाऊस मोजून मापून पडतो आणि घाटाच्या कड्याकडे दिवस दिवस सूर्य दिसत नाही. झेंडू फुलला, फुगला आणि देठावरच कुजला. साळूबाईंनी फुलं तोडून पाहिली तर पाकळ्यांमधून पाणी पिळून निघत होतं. वाडीत थोडी चेष्टा झाली. पुंजारामांचे चुलतभाऊ भिमाजी यांची जमीन बांधाला बांध लागून होती. ते रोज जाता येता विचारायचे, वैनी, दसऱ्याला आमाला तोरणं कधी देता. साळूबाई म्हणायच्या, देते की भावजी, दम धरा.

त्या खरंच खचल्या नव्हत्या. कुजलेला झेंडू उपटताना त्यांना कळलं होतं, की चूक फुलाची नाही, वेळेची आहे. पाऊस संपतो, भात कापून होतं, तेव्हा खाचरात ओल असते, हवेत गारवा असतो, आणि उंबराचा झरा वाहता असतो. त्याच वेळेला वाडीतली सगळी माणसं कुलूप लावून मजुरीला जात होती. त्या वर्षी साळूबाई गेल्या नाहीत. भात निघालेल्या सगळ्यात खालच्या खाचरात त्यांनी बारीक गावरान झेंडू लावला आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना धरला. बायका महालक्ष्मीचा घट मांडतात, तेव्हा अकोल्याच्या बाजारात फुलं लागतातच. फुलं घट्ट, गर्द केशरी आली. साळूबाई पाटी घेऊन पहाटेच्या एसटीनं बाजारात गेल्या आणि दुपारच्या आत रिकाम्या पाटीनं परतल्या. भिमाजीच्या दाराला त्यांनी स्वतः तोरण बांधलं. भिमाजीनं ते महिनाभर काढलं नाही.

पुढच्या काही वर्षांत दोन खाचरं फुलांची झाली, मग तीन. शेवंती आली, निशिगंध आला. मजुरीला जाणं सुटलं. संस्कृतीची शाळा एका जागी राहिली, याचं साळूबाईंना फुलांइतकंच अप्रूप. आणि जसजसा फुलांचा जम बसला, तसतशा साळूबाईंच्या काही सवयी पक्क्या झाल्या. खाचरात भाताशिवाय पावसाळा जाऊ द्यायचा नाही. फुलांसाठी बांध तासायचा नाही, कारण बांधावरचं गवत गेलं की माती ओढ्यात जाते आणि ओढ्यातून धरणात. झऱ्याच्या वरच्या अंगाला तणनाशक आणायचं नाही. प्रत्येक फुलाची एक ओळ न तोडता ठेवायची, बियाण्याला आणि मधमाश्यांना. पुंजाराम कधीतरी म्हणायचे, त्या ओळीची फुलं पण बाजारात जातील की. साळूबाई म्हणायच्या, ती ओळ पुढच्या साली बाजारात जाईल.

मग तेरड्याचा धंदा आला.

गौरी येतात तेव्हा देशावर आणि कोकणात कितीतरी घरांत तेरड्याची गौर बसते. तेरडा मुळासकट लागतो, मुळं म्हणजे गौरीची पावलं. शहरातल्या माणसाला तेरडा कुठं मिळणार. संगमनेरचे आप्पासाहेब म्हणून फुलांचे व्यापारी होते, साळूबाईंची शेवंती ते आपल्या टेम्पोतून कल्याणच्या बाजारात न्यायचे. माणूस सरळ. एका भाद्रपदात ते वाडीवर आले, गुलाबी झालेला माळ पाहिला आणि म्हणाले, मावशी, हे तर सोनं उगवलंय तुमच्याकडं, जुड्या बांधून द्या. सगळी वाडी माळावर गेली, साळूबाईही गेल्या. ओल्या मातीतून तेरडा हलक्या हातानं निघतो, ओढायलाही लागत नाही. टेम्पो भरून गेला आणि वाडीत त्या वर्षी गौरीच्या सणाला सगळ्यांच्या अंगावर नवीन कपडे होते.

दुसऱ्या वर्षी माळ पातळ दिसला. वाडीतल्या माणसांनी कड्याच्या टोकापर्यंत जाऊन तेरडा आणला आणि टेम्पो भरला. त्यानंतर आश्विनात साळूबाई गुरं वळवायला माळावर गेल्या, तर मधे मधे तांबडी माती उघडी पडलेली. एका जागी पावसानं ओघळ पाडला होता. त्या तिथंच बसल्या. फुलांत एवढी वर्षं घालवून आपल्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांना वाटलं. तेरडा वर्षाचं झाड. फुलतो, बी पिकतं, बोंड फुटून बी उडतं, आणि पुढच्या पावसात तेच बी उगवतं. गौरी येतात तेव्हा तेरडा ऐन फुलात असतो, बी धरायच्या आधी. आपण तो मुळासकट काढला, म्हणजे पुढच्या वर्षाचाही काढला.

त्यांच्या स्वतःच्या बांधावर, उंबराच्या आसपास, थोडा तेरडा शिल्लक होता. बोंडं पिवळसर व्हायला लागली तशी त्यांनी झाडांखाली जुनी लुगडी पसरली. तेरड्याचं पिकलं बोंड बोट लागताच फटकन उडतं, बी हाताला लागत नाही. लुगड्यावर मात्र पडतं. संस्कृती तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. मायलेकींनी ते बी गाळून, सावलीत सुकवून, राखेत घालून ठेवलं आणि पावसाच्या तोंडावर आपल्या सगळ्या बांधांवर टाकलं. भिमाजीनं विचारलं, हे काय चाललंय. साळूबाईंनी सांगितलं. भिमाजी गावभर सांगत सुटले, की आमची वैनी तण पेरती.

ते करोनाचं वर्ष निघालं. गौरीला बाजार बंद, टेम्पो आलाच नाही. माळावर कुणी गेलं नाही. सगळं जग घरात बसलं होतं आणि माळावर जो काही तेरडा उरला होता त्यानं बी टाकलं. पुढच्या वर्षी निर्बंध होतेच, धंदा नावापुरता झाला. साळूबाईंच्या बांधांवर मात्र दाट, कमरेएवढा तेरडा उभा राहिला. त्यांनी त्या वर्षीही फारसा काढला नाही. बियाणं वाढवलं.

त्यानंतरच्या भाद्रपदात आप्पासाहेबांचा फोन आला. बाजार पुरता उघडला होता, दोन वर्षांची भूक होती, पहिल्या वर्षीपेक्षा दुप्पट माल लागणार होता. मिळेल तेवढा तेरडा द्या, असं त्यांनी वाडीत सगळ्यांनाच कळवलं. माळ नुकताच सावरत होता. लांबून गुलाबी दिसायचा, जवळ गेलं की दोन झाडांमधली माती दिसायची. भिमाजी आणि त्यांच्या बरोबरीची चार घरं ठरवून मोकळी झाली, की उद्या उजाडताच माळावर जायचं.

संध्याकाळी साळूबाई देवळापुढच्या ओट्यावर गेल्या. माणसं जुड्यांसाठी दोऱ्या वळत बसली होती. पुंजारामही तिथंच होते. साळूबाई सहसा चारचौघांत बोलत नसत, पण त्या दिवशी त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि सांगितलं, की माळ यंदा काढला तर तो परत येणार नाही. त्यांनी बियाणं, फूल, ओघळ सगळं समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते पटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पटलं म्हणून टेम्पो भरणार नव्हता.

भिमाजी म्हणाले, "तुमचं खरं हाय वैनी. पन तुमच्या बांधाला तेरडा हाय, तुमाला बोलाया सोपं. आमी काय द्यायचं आप्पाशेटला?"

हा प्रश्न रास्त होता आणि साळूबाई तो घरूनच घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बांधाचा द्या. सकाळी या, घरटी वाटून घ्या. जुड्या तुमच्या, पैका तुमचा. बियाण्यापुरता ठेवा, तेवढंच."

पुंजारामांनी दोरी वळायची थांबवली. त्यांना याची काहीच कल्पना नव्हती. दोन वर्षं लेकीसकट राबून उभा केलेला तेरडा बायकोनं एका वाक्यात वाटून टाकला होता.

भिमाजीनं मान हलवली. फुकटचं आपण घेणार नाही, असं ते म्हणाले. साळूबाई म्हणाल्या, "फुकट कोन देतंय? जो जुड्या नेईल त्यानं आश्विनात माझ्यासंगं बी गोळा करायला यायचं, आन पुढच्या पावसात आपल्या बांधावर टाकायचं. माळाला हात लावायचा न्हाई, यंदा न्हाई आन पुढं बी न्हाई. माळ हाय तर हा डोंगर हाय."

ठरलं काहीच नाही. माणसं उठून आपापल्या घरी गेली.

घरी पुंजाराम खाली मान घालून जेवले. संस्कृती आईकडे बघत होती, बाप रागावलाय हे तिला कळत होतं. शेवटी ताट बाजूला सारून पुंजाराम म्हणाले, निदान मला विचारायचं. साळूबाईंनी ते मान्य केलं. विचारायला हवं होतं, त्या म्हणाल्या, पण विचारलं असतं तर तुम्ही दोन दिवस विचार केला असता आणि माळ उद्याच जाणार होता. यावर पुंजारामांना हसू आवरलं नाही, कारण त्यांच्या स्वभावाबद्दल हे अगदी खरं होतं. तरी रुसवा पुरता गेला नव्हता. ते तसेच झोपले.

सकाळी साळूबाई चूल पेटवून बाहेर आल्या तर अंगणात पुंजाराम नव्हते. त्या बांधाकडे गेल्या. धुकं एवढं, की पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. धुक्यात पुंजाराम वाकून तेरडा काढत होते, मुळांची माती हळूच झटकत होते, आणि काढलेली झाडं भिमाजीच्या हातात देत होते. भिमाजीच्या मागं बाकीच्या घरांची माणसं उभी होती. बियाण्यासाठी किती ठेवायचा, ते पुंजारामांनी दगड मांडून आधीच आखलं होतं. साळूबाईंनी पाहिलं, त्यांनी स्वतः ठेवला असता त्यापेक्षा जरा जास्तच ठेवला होता.

त्या दिवशी टेम्पो पूर्ण भरला नाही. आप्पासाहेबांनी माळाकडे बोट दाखवून विचारलं, तो कुणाचा. भिमाजी म्हणाले, तो विकाऊ नाही. आप्पासाहेब समजूतदार माणूस, त्यांनी जास्त ताणलं नाही. साळूबाईंनी त्यांना सांगितलं, की पुढच्या वर्षी भरून देऊ, पण बांधावरचाच.

आश्विनात माणसं आली. सगळी नाही, पण भिमाजी आले, लुगडी घेऊन आले. बोंड फुटलं की पोरांसारखे दचकायचे आणि स्वतःच हसायचे. पुढच्या पावसात त्यांच्या बांधावर तेरडा उगवला. भिमाजीची जमीन दरीकडे झुकलेली, तिथं सावली जास्त, ओल जास्त. त्यांचा तेरडा साळूबाईंच्या तेरड्यापेक्षा चांगला आला, उंच आणि रंगानं गडद, आणि आप्पासाहेबांनी तो पहिला उचलला. साळूबाईंना ते थोडं लागलं. त्यांनी संस्कृतीला तसं बोलूनही दाखवलं. मग स्वतः भिमाजीच्या बांधावर जाऊन बघून आल्या आणि त्याच वर्षी त्यांच्याकडून बी मागून आणलं.

आता उंबरदऱ्याच्या वाडीत जवळजवळ प्रत्येक घराचा बांध तेरड्याचा आहे. भाद्रपदात भाताच्या हिरव्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला गुलाबी काठ, असं ते दिसतं. ग्रामसभेत ठराव होऊन माळ राखीव झाला आहे. गुरं ठरलेल्या वेळी जातात, फुलं काढायला कुणी जात नाही. ओघळ पडला होता तिथं दगडांची ताल, म्हणजे आडवा बांध, घातली, गवत धरलं. माळावर फोटो काढायला शहरातली माणसं येतात, त्यांना पायवाटेवरूनच पाठवतात. एका पाहुण्यानं माळाच्या कडेला तंबू टाकायची परवानगी मागितली, चांगले पैसे देऊ केले. भिमाजीनंच त्याला चहा पाजून परत पाठवलं.

संस्कृतीनं शेतीची पदविका घेतली आणि ती घरीच राहिली. नोकरी शोध असं पुंजारामांनी सुचवलं होतं. तिनं सांगितलं, मला इथंच काम आहे. आणि आहेच. जुड्यांची मुळं ओल्या शेवाळात आणि वर पळसाच्या पानांत बांधायची पद्धत तिनं बसवली, त्यामुळे कल्याणला पोचेपर्यंत तेरडा मान टाकत नाही. वाडीतल्या बायांचा गट तिनं उभा केला आहे. आता सगळा माल एकत्र जातो आणि भाव बोलायला तीच बसते. आप्पासाहेब म्हणतात, मावशी, तुमच्याशी बोलणं सोपं होतं. साळूबाई हसून तिच्याकडे बोट दाखवतात.

मायलेकींचं सगळं जमतं असं नाही. संस्कृतीला शेडनेट घालून पावसाळ्यातही शेवंती घ्यायची आहे. त्यासाठी बांध काढून खाचरं सपाट करणं साळूबाईंना मान्य नाही. यावर त्या दोघी भात लावतानाही वाद घालतात, चिखलात उभ्या राहून, एकमेकींकडे न बघता. गेल्या साली तोडगा निघाला: घरामागच्या मोकळ्या जागेत, बांध न हलवता, लहानसं शेडनेट. पहिली फुलं बरी आली. साळूबाईंनी ती हातात फिरवून पाहिली, वास घेतला, आणि एवढंच म्हणाल्या, की देठ जरा मऊ आहे, पाणी कमी कर.

यंदा गौरीच्या आदल्या दिवशी शेजारच्या दरीतल्या वाडीवरच्या काही बाया चालत आल्या. त्यांचा माळ उजाड झाला होता. त्यांना बी हवं होतं, आणि ते विकत घ्यायची त्यांची तयारी होती. साळूबाईंनी त्यांना बसवलं, गुळाचा चहा दिला आणि सांगितलं, आत्ता बी नाही, आश्विनात या, चार दिवस राहायच्या तयारीनं या. त्या बायांपैकी एकीनं विचारलं, एवढं सगळ्यांना दिलं तर तुमचा माल कोण घेईल.

साळूबाई म्हणाल्या, "गवर घरोघर बसती बाई. आपन किती घरांना पुरनार?"

त्याच संध्याकाळी टेम्पो गेल्यावर साळूबाई आणि पुंजाराम झऱ्याशी हातपाय धुवायला गेले. दोघांच्या हातांना तेरड्याचा रस लागून बोटं लालसर झाली होती. पुंजारामांनी पाण्यात पाय सोडून विचारलं, की खालच्या खाचरात भात निघाल्यावर यंदा काय लावायचं, झेंडू की निशिगंध. साळूबाईंनी खाचराकडे पाहिलं. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बाकी होत्या. त्या म्हणाल्या, "अर्ध्यात झेंडू. अर्धं संस्कृतीला द्या, तिला काय लावायचं ते लावू द्या." मग उठल्या, ओचा झटकला आणि गुरं बांधायला वर निघाल्या.